लहानपणापासून काही ठरलेलं नव्हतं

गेली काही वर्षं दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्काराला मला बोलावलं जातं. भूजलाचं काम करणारी बाई, त्यातून तालुक्यातलीच, म्हटल्यावर सूत्रसंचालकांना ओळख करून द्यायला हुरूप येतो. ओळख दर वर्षी तीच. दुष्काळी सांगोला, टँकरच्या वाटेकडे तोंड करून मांडलेल्या घागरी, डोईवर हंडा घेतलेली चिमुरडी, आणि मोठी झाल्यावर या मातीला पाणी दाखवायचं अशी तिने त्या कोवळ्या वयात मनाशी बांधलेली खूणगाठ. टाळ्या पडतात. मग मी उठते आणि सांगते की टँकर आणि घागरी खऱ्या आहेत, खूणगाठ सूत्रसंचालकांची आहे. पोरं हसतात. पालकांच्या रांगेत कुणी हसत नाही. बाई विनयाने बोलताहेत, असं त्यांना वाटत असावं.

विनयाचा काही संबंध नाही. बारावी झाले तेव्हा पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. बी.एस्सी. झाले तेव्हाही नव्हतं. एम.एस्सी.ला नाव घातलं त्यामागचं कारण तर सत्काराच्या स्टेजवर सांगण्यासारखंच नाही. इथे सांगेन, पण जरा पुढे.

हे सगळं आता लिहायला बसले ते भाचीमुळे. यंदा तिची बारावी झाली, मार्क चांगले आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या ‘मग, पुढं काय?’ विचारतो. एकदा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मावशी, मला काहीच व्हावंसं वाटत नाही. माझ्यात काही बिघडलंय का गं?” पेपरात टॉपरांच्या मुलाखती येतात त्यांतला प्रत्येक जण लहानपणापासून काहीतरी व्हायचं ठरवून बसलेला असतो. ते वाचून वाचून तिचा असा समज झाला होता.

माझी बारावी २००० सालची. मेडिकलची सीईटी आदल्याच वर्षी सुरू झाली होती. सायन्सला होते म्हणून मीही दिली आणि नंबर लागणार नाही हे पेपर सोडवतानाच कळलं. आमच्या तात्यांना त्याचं दुःख नव्हतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आणि त्यांचा हिशेब सरळ होता. दोन वर्षांचं डी.एड. करायचं, मग शिक्षण सेवक म्हणून लागायचं, तीन वर्षांनी कायम. शिक्षण सेवकाची योजना त्याच वर्षी निघाली होती, महिना ३००० रुपये मानधन. मी नाही म्हटलं. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. मी तात्यांना शिकवताना फार थोडं पाहिलं होतं. आमच्या घरात मला दिसायचे ते जनगणनेचे तक्ते, मतदार याद्या आणि पोषण आहाराच्या तांदळाचे हिशेब. रात्री कंदील जवळ ओढून तात्या ते पुरे करत बसायचे. एवढ्यावरून मी एका चांगल्या व्यवसायावर काट मारली.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या वयात मी किती कामं जवळून पाहिली होती? शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कंपाउंडर, नर्सबाई, एसटीचा कंडक्टर, बँकेतले साहेब. वैदू आणि पाणाड्याही पाहिले होते, पण ती कामं शिकून करायची असतात असं कुणी म्हणत नव्हतं. बोअरच्या गाड्या तर दर उन्हाळ्यात गावात यायच्या. रात्रभर घरघर चालायची, सकाळी उठून बघावं तर शिवारात पांढऱ्या फुफाट्याचा ढीग आणि मालक डोक्याला हात लावून बसलेला. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी खाली दगड कोणता आहे हे सांगणारा माणूस असतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो, हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

पुण्याला मामा राहत होता म्हणून पुणे. तिथल्या एका जुन्या कॉलेजात बी.एस्सी.च्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. आतल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, “मॅथ्सवाला ग्रुप फुल. बॉटनी-झूलॉजी फुल. जिऑलॉजीवाल्यात जागा आहे. लिहू?”

मामाने विचारलं, “त्यात काय असतं?”

“दगड.”

मामा माझ्याकडे बघून हसला. मागे रांग होती, पाऊस होता, संध्याकाळची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, लिहा. माझ्या व्यवसायाची सुरुवात ही अशी. गावात बातमी गेली की गुरुजींची पोरगी दगड फोडायला पुण्याला गेली, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नात मला हा विनोद ऐकून घ्यावा लागला.

तेव्हा पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.ची रचना अशी होती की पहिल्या वर्षाला चार विषय, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला एकच. आम्हाला ती कटकट वाटायची, चार-चार जर्नलं पुरी करावी लागत. पण माझ्यासारख्यांना त्या रचनेने फार मोठी सवलत दिली. कॉलेजात पाऊल टाकताना कुणी मला शेवटचं उत्तर मागितलं नाही. दर वर्षी एक-दोन गोष्टी सोडायच्या, एवढंच. काय सोडायचं ते कळायला काय धरायचं हे कळावं लागत नाही. तिसऱ्या वर्षी मी जिऑलॉजी ठेवलं त्याचं मुख्य कारण सांगते. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत किप्स अ‍ॅपरेटसमधून सडक्या अंड्यांचा जो वास सुटायचा त्याने माझं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकायचं. सत्काराच्या भाषणात हे सांगितलं की आयोजक अस्वस्थ होतात.

जिऑलॉजी आवडायला लागलं होतं का? सगळं नाही. स्फटिकांची लाकडी मॉडेलं हातात फिरवून सममितीचे अक्ष मोजायचे, त्याने मला जांभया यायच्या. जीवाश्मांच्या आकृत्या माझ्या इतक्या वाईट निघत की सरांनी एकदा विचारलं, हा शिंपला आहे की बटाटा. सहलीला मात्र मी सगळ्यांच्या पुढे असायची. पहिल्या वर्षी आम्हाला पारनेर तालुक्यातल्या निघोजला नेलं होतं, कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला. सरांनी आधी काही सांगितलंच नाही. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, तिथल्या एका म्हातारबाबांना त्यांनी रांजणांची देवीची कथा सांगायला लावली, ती शांतपणे ऐकली, आणि मग आम्हाला पात्रात उतरवून म्हणाले, आता खळग्यांच्या तळाशी काय पडलंय ते बघा. गोल गुळगुळीत गोटे पडले होते. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या दगडांनी घासून घासून कातळाला रांजण पाडलेत, हे आमचं आम्हाला कळलं. इथे एखादा लेखक लिहील की त्या क्षणी मला माझी वाट सापडली. मला त्या दिवशी ऊन लागलं आणि परतीच्या गाडीत मी झोपले. पण दगडाला प्रश्न विचारता येतो ही गोष्ट डोक्यात राहिली असणार.

आता एम.एस्सी.चं कारण. आमच्याकडे मुलाचं काही ठरत नसेल तर म्हणतात, लागेल हळूहळू लायनीला. मुलीचं ठरत नसेल तर स्थळं येतात. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या महिन्यात आत्याने एक स्थळ आणलं, सांगलीकडचं, घरची बागायत. ‘शिक्षण चालू आहे’ हे एकच उत्तर असं होतं की ज्यावर कुणी वाद घालत नव्हतं. म्हणून मी शिक्षण चालू ठेवलं. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकात ही बाजू मी कधी वाचली नाही. गोंधळलेलं असण्याची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. मला ती मिळाली कारण तात्यांनी आत्याला परत पाठवलं, मामाच्या घरात गादी टाकायला जागा होती, आणि बी.एस्सी.ची फी एका गुरुजीच्या पगारात बसत होती. आज एखाद्याने खासगी कॉलेजच्या इंजिनिअरिंगसाठी मोठं कर्ज काढून पोराला घातलं, तर त्या पोराला पहिल्या वर्षी ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणण्याची सोय राहत नाही. कर्जाचा हप्ता त्याच्या वतीने बोलतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४ पासून सरकारने माफ केली, ते फार बरं झालं. मेस आणि खोलीभाडं मात्र राहतंच.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण बारावीनंतर डी.एड.ला गेली. विशीतच ती शिक्षण सेवक झाली, मग कायम झाली, घर बांधलं. मी एम.एस्सी.ला असताना भेटली की विचारायची, “अजून शिकतीयसच का तू?” तिची निवड अगदी बरोबर होती. तिच्याकडे बघून तिच्या धाकट्या भावानेही काही वर्षांनी डी.एड. केलं. तेवढ्यात शिक्षकभरती थांबली, २०१२ पासून तर बंदीच आली. शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल निघायला २०१७ उजाडलं, आणि मधल्या काळात डी.एड.ची कॉलेजं विद्यार्थी नाहीत म्हणून एकामागून एक बंद झाली. भाऊ आता कृषी सेवा केंद्र चालवतो, बरं चाललंय. एकाच घरातली दोन मुलं, एकच कोर्स. ज्याला आपण खात्रीची वाट म्हणतो ती आदल्या दहा वर्षांच्या अनुभवावरून म्हणतो. पुढची दहा वर्षं कुणी पाहिलेली नसतात.

पहिली नोकरी एका बोगद्याच्या कामावर लागली. बोगदा जिथून जाणार तिथे आधी भोकं पाडून दगडाचे दंडगोल काढतात, त्याला कोअर म्हणतात. दीड-दीड मीटरचे ते तुकडे पेट्यांत क्रमाने लावून येतात. आपण त्यांचं वर्णन लिहायचं, दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे वेगळे मोजायचे, आणि एकूण लांबीत ते किती टक्के भरतात ते काढायचं. खडक किती अभंग आहे त्याचा तो आकडा, त्यावर पुढे बोगद्याला आधार किती द्यायचा ते ठरतं. काम महत्त्वाचं होतं, पगार वेळेवर होत होता, माझं काम चोख असायचं. पण पत्र्याच्या शेडमध्ये पेट्यांसमोर बसून दिवसभर माझा कुणाशी शब्द व्हायचा नाही, आणि संध्याकाळी मला उगाच रडू यायचं. बाजूच्या टेबलावरचा मुलगा त्याच पेट्यांत बुडालेला असायचा. शिट्टी वाजवत लॉगिंग करायचा. आज तो मेट्रोच्या बोगद्यांवर मोठ्या हुद्द्यावर आहे. तेच शिक्षण, तेच काम. कॉलेजात आम्ही दोघं एकसारखेच होतो. फरक शेडमध्ये बसल्यावर कळला.

मग जलस्वराज्य प्रकल्पात काम मिळालं. जागतिक बँकेच्या मदतीने २००३ मध्ये राज्य सरकारने हा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा प्रकल्प सुरू केला होता, आणि गावोगाव पाण्याचे स्रोत तपासायला माणसं हवी होती. पगार आधीपेक्षा कमी, नेमणूक कंत्राटी. मामा म्हणाला, वेडी आहेस.

काम असं होतं. गावात जायचं, प्रत्येक विहिरीच्या काठावर उभं राहायचं, टेप सोडून पाण्याची पातळी आणि खोली मोजायची, आणि विहिरीच्या भिंतीत थर कसे दिसतात ते लिहायचं. महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग बसाल्टवर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला तो एका दमात नव्हे, एकावर एक थर साचत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळाकुट्ट, त्यात पाणी मुरत नाही. वरच्या भागात वायूचे बुडबुडे राहिलेले, त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. तो झिजला की पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा. हे मी पुस्तकात इंग्रजीत शिकले होते. विहीर खोदणाऱ्या माणसांना ते आधीपासून माहीत होतं. ते सांगत, “वर दीड परस मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण लागला, तिथं सुरुंग घेतले.” माझ्या वहीतलं वर्णन आणि त्यांचं बोलणं जुळायचं तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एका गावात सरकारी विहीर उन्हाळ्यात आटते अशी तक्रार होती. काठावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “बाई, ह्या विहिरीला पाणी सुटायचं ते उगवतीच्या अंगानं. वरच्या बाजूला बोअरा झाल्या, तवापासनं ते झरं बंद.” मी विहिरीत उतरून पूर्वेची बाजू पाहिली. मांजऱ्याचा पट्टा होता, झऱ्यांनी धुतल्याच्या खुणा होत्या, आता कोरड्या. वरच्या अंगाला चालत गेले. तोच पट्टा तिथे उथळावर होता आणि बोअर नेमक्या त्याच्यातच घेतलेल्या होत्या. पाणी विहिरीपर्यंत पोचायच्या आधीच उपसलं जात होतं. आजींनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं, मी त्याला उंचीचे आकडे जोडले. त्या संध्याकाळी वाटलं की उद्या पलीकडच्या वाडीच्या विहिरीही बघून याव्यात. कामाच्या यादीत ती वाडी नव्हती. तिचे कुणी पैसे देणार नव्हतं. मी गेले.

आवड म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर यापेक्षा मोठं काही सांगता येत नाही. आणि हे मला वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कळलं, ते काम हातात आल्यावर. सतराव्या वर्षी डोळे मिटून आत कितीही पाहिलं असतं तरी तिथे ती विहीर नव्हती.

या कामातलंही सगळं मला आवडतं असं नाही. अहवाल लिहायचा कंटाळा येतो. एप्रिलच्या उन्हात रेझिस्टिव्हिटीचं यंत्र घेऊन चार सळया ठोकायच्या, वीज सोडायची, आकडा घ्यायचा, सळया लांब नेऊन परत ठोकायच्या, हे अजून जिवावर येतं. सर्वांत वाईट काम ‘इथे बोअर घेऊ नका’ हे सांगण्याचं. शेतकऱ्याने तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेली गाडी ठरवलेली असते, एजंट फोनवर घाई करत असतो, पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवलेली असते. होय म्हणणाऱ्याला जेवण मिळतं. नाही म्हणणारी मी गाडीत डबा खाते. तात्यांनीही एकदा मला आमच्या रानात जागा बघायला लावली. मी म्हटलं, राहू द्या, खाली घट्ट आहे. त्यांनी पाणाड्याला बोलावलं आणि दीड इंच पाणी लागलं. दोन उन्हाळे मला ऐकवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर कोरडी पडली, तेव्हा मात्र घरात तो विषय कुणी काढला नाही.

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा वगैरे सात क्षेत्रं त्यात होती. हेतू चांगला होता. पण ज्या मुलाने आयुष्यात पाच-सहा कामं पाहिली आहेत त्याला तुझा कल कुठे विचारलं, तर तो पाच-सहांतूनच सांगणार. कल मोजण्याआधी काम दाखवायला हवं, आणि ते कुणी दाखवत नाही. शाळा कारखान्यात नेते ती तासाभराची सहल असते, बिस्किटाचा पुडा मिळतो.

भाचीला मी म्हणूनच कुठलं क्षेत्र निवड हे सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की कॉलेज बघताना प्रयोगशाळा चालू आहेत का, सर-मॅडम जागेवर असतात का आणि विषय बदलायची सोय किती आहे हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, माहितीपत्रक वाचू नकोस. नव्या शिक्षण धोरणात वर्षभराने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि परतही येता येतं, ते समजून घे. आणि एवढा मोठा खर्च करून बसू नकोस की मन बदलायचीच चोरी व्हावी.

परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तिला बरोबर विहिरी मोजायला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती झाडाखाली बसली आणि म्हणाली, “मावशी, रागावू नकोस, पण हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.” मी कशाला रागावू? एक नाव यादीतून कमी झालं. घरी आल्यावर मात्र सगळ्या विहिरींच्या नोंदी संगणकावर नकाशात चढवायचं काम ती न सांगता करत बसली होती. त्यातून काही निघेल की नाही, माहीत नाही. तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. तिसऱ्या वर्षाचा विषय ठरलेला नाही, आणि तिच्या आईला मी बजावलंय की पाहुण्यांना तसंच सांग.

माझ्या वयाच्या, स्वतःचं काम नेटाने करणाऱ्या लोकांना मात्र एक विनंती आहे. सर्व्हेअर, फौंड्रीवाले, पॅथॉलॉजी लॅबवाले, द्राक्षांचे निर्यातदार, वकील, छापखानेवाले, कुणीही असा. पुढच्या सुट्टीत ओळखीतलं एक पोर आठवडाभर हाताखाली घ्या. व्याख्यान देऊ नका, नुसतं बरोबर ठेवा, आणि कंटाळा आला असं ते म्हणालं तर ऐकून घ्या. मे महिन्यात माझ्या गाडीत मागच्या दोन जागा रिकाम्या असतात. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणायची. चपला चालणार नाहीत, बूट लागतील.